एकसष्टच्या खालची रेघ

रोस्टरच्या खोलीत मी कामाला लागले तेव्हा तिथे कॉम्प्युटर नव्हता, भिंत होती. भिंतभर हिरवा फळा, फळ्यावर आडव्या खाचा आणि प्रत्येक खाचेत एकेका वैमानिकाच्या नावाची पुठ्ठ्याची पट्टी. कोण कधी उडणार, कुणाची सुट्टी, कोण आजारी, सगळं तिथे रंगीत टाचण्यांनी लावलेलं असायचं. मी खरं तर टायपिस्ट म्हणून आले होते. रोस्टर लावणारे गृहस्थ एके दिवशी पाठ धरली म्हणून घरी गेले ते परत आलेच नाहीत. साहेब म्हणाले, "दोन दिवस सांभाळा." ते दोन दिवस अजून चालू आहेत.

शिकवायला कुणी नव्हतं. फळ्याकडे बघून बघून मीच शिकले. पहिली गोष्ट कळली ती ही, की विमान कंपनीत माणूस किती हुशार, किती देखणा, याला फारसा अर्थ नाही. अर्थ आहे नंबराला. पट्ट्या वरून खाली लावलेल्या असत त्या नंबराने. चांगली विमानं, सणासुदीची रजा, पुढे कॅप्टनची खुर्ची, सगळं नंबरावर. थोरली जाऊ कोण हे स्वयंपाकावरून ठरत नाही, आधी कोण घरात आली त्यावरून ठरतं, तसंच हे. जो आधी रुजू झाला तो वरचा. दोघं एकाच दिवशी रुजू झाले, तर वयाने मोठा तो वरचा.

एकसष्ट आणि बासष्ट असे एकाच दिवशी आले होते. एक इतका उंच की खोलीच्या दारातून वाकून यायचा. त्याचं नाव पडलं उंट. दुसरा प्रत्येक गोष्ट "सावकाश" म्हणून सुरू करायचा. "सावकाश, ताई, मी थांबतो," "सावकाश, चहा गरम आहे." त्याला सगळे सावकाशच म्हणू लागले. दोघं परदेशात एकाच फ्लाइंग स्कूलमध्ये शिकलेले, एका खोलीत राहिलेले. दोघांनी माझ्या टेबलावर फॉर्म भरले, मी त्यावरून यादी टाइप केली, पट्ट्या कापल्या. उंट जूनचा, सावकाश सप्टेंबरचा, साल एकच. म्हणून उंट एकसष्ट, सावकाश बासष्ट. त्या वेळी त्याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. एकसष्ट काय नि बासष्ट काय, दोघं सहवैमानिक, दोघंही ब्रह्मचारी, दोघांनाही माझ्या डब्यावर डोळा.

पट्टीच्या मागे मी जन्मतारीख लिहून ठेवायचे आणि ज्याचा वाढदिवस त्याच्यासाठी घरून केक करून न्यायचे. साधाच, भांड्यात वाळू घालून भाजलेला, मधे थोडा बसलेला. चार सप्टेंबरला सावकाशचा. तो केक कापायचा, उंट शेजारी उभा राहून इतका हसायचा की त्याला ठसका लागायचा. मला वाटे, केकवर हसतोय. एकदा मी रागावून म्हणाले, "हसू नकोस, मधे बसला असला तरी चवीला चांगला आहे." त्यावर उंट म्हणाला, "ताई, केकला कोण हसतंय? मी दादाच्या भाग्याला हसतोय." तो सावकाशला चेष्टेने दादा म्हणायचा. सगळ्यांनाच काही ना काही म्हणायचे ते, म्हणून मी त्यात काही शोधलं नाही. असे आठ केक झाले.

मंदी एकदम नाही आली, पायरी पायरीने आली. आधी वर्तमानपत्रं बंद झाली, मग जिन्यातल्या कुंड्यांना पाणी घालणारा माणूस. मग संध्याकाळच्या फेऱ्या. तेल महागलं, माणसं प्रवास करेनाशी झाली, शेजारच्या दोन कंपन्यांनी शटर ओढलं. माझ्या फळ्यावर टाचण्या कमी आणि खाचा जास्त दिसू लागल्या. मग साहेबांनी एक शब्द आणला, फर्लो. फुलाचं नाव वाटावं असा. म्हणजे नोकरी आहे, पण कामावर यायचं नाही आणि पगारही नाही. दिवस पालटले की नंबराप्रमाणे परत बोलावू. आमच्या ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे माहेरी पाठवतात तसं का?" मी म्हटलं, "तसंच, फक्त न्यायला कधी येतील ते सांगत नाहीत."

साहेबांनी आकडा दिला, एकसष्ट. एकसष्टपर्यंत राहतील, बासष्टपासून एकशेतीनपर्यंत घरी. मी यादी नव्याने टाइप केली. नंबर, नाव, रुजू तारीख, जन्मतारीख. फूटपट्टी ठेवून लाल पेनाने एकसष्टच्या खाली रेघ ओढली आणि यादी बाहेर लावली.

बेचाळीस माणसं एकेक करून त्या कागदापाशी येऊन गेली. कुणी बघून लगेच वळलं, कुणी फोटो काढला. सावकाश सगळ्यांत जास्त वेळ उभा होता. बोट आपल्या ओळीवर होतं. ते बोट आडवं सरकत शेवटच्या रकान्यापर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं. मी काचेतून बघत होते. मग तो आत आला, फळ्यावरून आपली पट्टी स्वतः काढली, माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "ताई, तुमच्या रेघा फार सरळ असतात."

मी त्या बेचाळीस पट्ट्या केकच्या डब्यात ठेवल्या. फळा पुढे काढून टाकला, कॉम्प्युटर आला, खोलीला नवा रंग लागला. डबा राहिला.

चार वर्षं गेली. मग एका महिन्यात सगळं उलटलं. लोक पुन्हा प्रवास करू लागले, आणि काल जे वैमानिक जास्त झाले होते ते आज कमी पडू लागले. साहेब दिवसातून तीनदा खोलीत येऊन म्हणायचे, "माणसं कुठे आहेत?" जणू मी त्यांना कपाटात घालून विसरले होते. पहिल्या बारा जणांना पत्रं गेली. नियम कडक. पत्राच्या तारखेपासून पंधरा दिवसांत, शेवटच्या दिवशी पाच वाजेपर्यंत, सही केलेला फॉर्म कचेरीत आला पाहिजे. नाही आला तर नंबर गेला. पुन्हा यायचं तर सगळ्यांच्या खाली, नवीन भरतीसारखं.

अकरा जणांनी होकार दिला. बासष्टचं पत्र तेराव्या दिवशी परत आलं. पाकिटावर शेरा, "घर सोडले."

नवा पत्ता कुठे मिळतो का बघायला मी त्याची जुनी फाइल काढली. आत लायसन्सची झेरॉक्स होती. कधी तरी लावलेली, कधीच न बघितलेली. तिच्यावर जन्मतारीख महिन्याच्या नावासकट छापलेली होती. नऊ एप्रिल.

मी खालचा फॉर्म काढला. त्याच्या हाताने लिहिलेलं, चार तिरकी रेघ नऊ. तो जिथे विमान शिकला तिथे महिना आधी लिहितात. तो सवयीने तसं लिहून गेला होता आणि मी माझ्या सवयीने वाचलं होतं, चार सप्टेंबर.

नऊ एप्रिल म्हणजे जूनच्या आधी. म्हणजे सावकाश मोठा. म्हणजे एकसष्ट तो. रेघ त्याच्या खाली पडायला हवी होती.

त्या संध्याकाळी मी उंटाला गाठलं. तो आता कॅप्टन झाला होता, जुळ्यांचा बाप झाला होता, दारातून अजून वाकूनच यायचा. मी तारखेबद्दल अवाक्षर काढलं नाही. फक्त विचारलं, "सावकाशचा पत्ता आहे का तुझ्याकडे?"

तो टोपी फिरवत राहिला. "आहे. पलीकडच्या उपनगरात ड्रायव्हिंग स्कूल काढलंय त्याने. पाण्याच्या टाकीजवळ."

"फोन लावून दे ना मग."

"मी नाही करत त्याला फोन." टोपी टेबलावर ठेवत म्हणाला, "काय तोंडाने करू, ताई?"

मला वाटलं, राहिलेल्याला गेलेल्याची लाज वाटते तशी ही असेल. मी म्हटलं, "परवा पाचपर्यंत मुदत आहे. मी जाते परवा, अर्धी रजा टाकून. तुझी परवा तीन-वीसला उतरणारी फेरी आहे, ती करून इकडे ये. आला तर त्याला बरं वाटेल."

तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

पंधराव्या दिवशी दोन बस बदलून मी टाकीजवळ पोचले तेव्हा पावणेतीन वाजले होते. स्कूल म्हणजे एक खोली, दोन खुर्च्या, वाहतुकीच्या खुणांचा तक्ता आणि दारात एक निळी छोटी गाडी, टपावर पाटी. सावकाश तिची काच पुसत होता. केस पांढरे झाले होते, पण काच पुसायची पद्धत तीच, गोल गोल, घाई नसलेली.

"ताई," तो म्हणाला. त्याने फडकं घडी करून ठेवलं. मग म्हणाला, "आता एक विद्यार्थिनी आहे, तीनची."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. विद्यार्थिनी येणार नव्हती, सासू पडली होती. मी म्हटलं, "बरं झालं. म्हणजे सासूचं वाईट झालं. मला बसव तिच्या जागी."

"तुम्हाला येते?"

"मला विमानं चालवता येत नाहीत, पण एकसष्ट वैमानिकांची विमानं मीच हलवते. बस."

मी आयुष्यात पहिल्यांदा त्या बाजूला बसले. त्याच्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच होते. तो म्हणाला, "एकच नियम. मी गाडी घेतली की म्हणेन, गाडी माझी. तुम्ही म्हणायचं, गाडी तुझी. दोघांच्या हातात कधी नाही आणि कुणाच्याच हातात नाही असंही कधी नाही."

"हे विमानातलं ना?"

"माणसांना कुठेही लागू पडतं. माझ्याकडे शिकणाऱ्या सगळ्या बायका म्हणतात असं. एकीचा नवरा मला विचारायला आला होता, ही घरीही असंच म्हणते म्हणून."

मी पत्राचं पाकीट पुढ्यात ठेवलं आणि गाडी सुरू केली. ती तीन उड्या मारून बंद पडली. "सावकाश," तो म्हणाला. त्या एका शब्दाने माझ्या डोळ्यांपुढे हिरवा फळा उभा राहिला, टाचण्यांसकट.

रिकाम्या रस्त्याने आम्ही चालण्याच्या वेगाने निघालो. मी पत्राचं सांगितलं. मुदतीचं सांगितलं. तो समोर बघत राहिला.

"चार वर्षं झाली, ताई. माझे हात आता क्लच समजतात. परत सिम्युलेटरमध्ये बसायचं, पोरांच्या वयाच्या माणसाने मला तपासायचं. इथे बरं चाललंय."

"मला एक सांगायचंय," मी म्हणाले. "समोर बघूनच सांगते, नाहीतर धडकेन. यादीत चूक झाली होती. माझ्या हातून. तुझी तारीख मी उलटी वाचली. तू एकसष्ट होतास."

मला वाटलं तो ओरडेल, किंवा गाडी थांबवेल. तो म्हणाला, "दुसरा गियर टाका."

"ऐकलंस का मी काय म्हणाले?"

"ऐकलं. मला ठाऊक होतं. पहिल्या केकपासून ठाऊक होतं की माझ्या पट्टीवर तारीख चुकीची आहे. पण वर्षातून दोनदा वाढदिवस कोणाला नको असतो? एप्रिलचा आम्ही दोघं बाहेर करायचो, सप्टेंबरचा तुमचा. उंट तर केकची वाट बघायचा. नंबरावर त्याचा परिणाम होतो हे डोक्यातच आलं नाही. ते त्या दिवशी आलं, यादीपाशी."

"आणि मग गप्प बसलास?"

"उंटाच्या बायकोला सातवा होता. जुळी. डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठू नको म्हणून सांगितलं होतं. मी एकटा. मला वाटलं, सहा महिने. सहा महिने काय, डोळा लागून उघडेपर्यंत जातील."

"आणि उंट?"

"उंट माझ्यापेक्षा लहान आहे हे उंटाला ठाऊक नसेल का? दादा कशाला म्हणायचा? त्या संध्याकाळी घरी आला होता. बराच वेळ दारात वाकून उभा राहिला. आत ये म्हटलं तर येईना. मीच म्हटलं, जा, वहिनी वाट बघत असेल. गेला. पुन्हा आला नाही."

माझ्या मानेवर घाम आला होता. राग आला होता, आणि तो नेमका कुणावर ते ठरत नव्हतं. "तू माझी चुकीची रेघ तशीच राहू दिलीस," मी म्हणाले. "चार वर्षं मी सांगत फिरले की माझ्या यादीत चूक सापडणार नाही."

"गाडी माझी," तो शांतपणे म्हणाला. मी एका खांबाकडे चालले होते.

"गाडी तुझी."

त्याने गाडी एका लांब भिंतीपाशी नेऊन लावली. मला वाटलं, माझं ड्रायव्हिंग संपलं. पण तो घड्याळ बघत होता. मग डोक्यावरून खूप खालून विमान गेलं, चाकं काढलेलं, उतरायला निघालेलं. भिंत थरथरली. मला त्या विमानाचा नंबर बघायची गरज नव्हती.

"तीन-वीसची," मी म्हणाले.

"उंट आहे," तो म्हणाला. "उशिरा वळतो, आणि मग धावपट्टीवर जरा लांब उतरतो. किती वर्षं सांगतोय."

"रोज थांबतोस इथे?"

"इथे रिव्हर्स शिकवतो. बायकांना वाटतं, रिव्हर्सची हीच वेळ असते."

मी घाम पुसायला फडकं शोधत पुढचा कप्पा उघडला. गाडीचे कागद, पेन, लिमलेटच्या गोळ्या, आणि प्लास्टिकच्या पाकिटात त्याचं लायसन्स. सोबत वैमानिकाचं मेडिकल, उडायचं असेल तर दर वर्षी नवं काढावं लागतं ते. मी रोस्टरवाली आहे, माझी नजर आधी तारखेवर जाते. मेडिकल याच वर्षीचं होतं. त्याच्या मागे गेल्या वर्षीचं, त्याच्या मागे त्याच्या आधीचं.

मी ती चार पानं पत्त्यांसारखी त्याच्या मांडीवर मांडली.

"सवय म्हणून करतो," तो म्हणाला.

"सवयीने माणूस दात घासतो. मेडिकलला उपाशीपोटी रांगेत उभा राहत नाही." मी पाकीटही त्याच्या मांडीवर ठेवलं. "पावणेचार वाजलेत. मी बसने आले आहे. बसने पाचच्या आत पोचणार नाही."

त्याने ती पानं प्लास्टिकच्या पाकिटात परत घातली. मग त्याने आरसा नीट केला.

"पट्टा लावा, ताई."

त्या दिवशी मला कळलं की त्याचं नाव बरोबर ठेवलं होतं. मुदत टळत आली होती, आणि हा माणूस प्रत्येक सिग्नलला पिवळा दिसताच थांबत होता. वाटेत तो म्हणाला, "यादी आहे तशीच राहू द्या. मी बासष्टच बरा. उलट तुमच्या तारखेने पाच महिने उशिरा निवृत्त होईन."

"आणि पुढची मंदी आली की? रेघ पुन्हा तिथेच पडली तर?"

"तेव्हाचं तेव्हा. उंटाला आता काय म्हणून खाली ढकलायचं? पोरं शाळेत जायला लागली असतील."

"लागली. एकाने पडून पुढचा दात पाडून घेतलाय."

तो हसला, आणि डोळ्यांपाशी तोच जुना सावकाश दिसला.

पाचला बारा कमी असताना आम्ही रोस्टरच्या खोलीत शिरलो. त्याने आधी भिंतीकडे पाहिलं, जिथे फळा होता. मी केकचा डबा काढला, वरचीच पट्टी त्याच्या हातात दिली. पुठ्ठा पिवळा पडला होता. त्याने ती उलटून मागची तारीख वाचली आणि खिशात घातली.

उंट कोपऱ्यात उभा होता, युनिफॉर्ममध्ये, टोपी हातात. दोघांनी एकमेकांकडे बघून माना हलवल्या. चार वर्षांनी भेटलेली माणसं लिफ्टमध्ये भेटल्यासारखी.

"पुन्हा लांब उतरलास," सावकाश म्हणाला.

"वारा होता."

"वारा नव्हता. मी खालीच होतो."

मी फॉर्म पुढे सरकवला. नंबर, नाव, पत्ता, सगळं त्याने नीट भरलं. जन्मतारखेच्या रकान्यापाशी आला, क्षणभर थांबला, आणि लिहिलं. चार, तिरकी रेघ, नऊ. खोटं नव्हतं त्यात काही. वाचणाऱ्याने वाचावं तसं. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. मी काय वाचायचं ते तो माझ्यावर सोडून मोकळा झाला होता, आणि खरं सांगते, मी शिक्का उचललाही होता.

उंट मागे येऊन उभा राहिला. तो इतका उंच की सावकाशच्या डोक्यावरून फॉर्म सरळ वाचता यायचा. त्याने वाचला. मग त्याने वाकून, दारातून येताना वाकायचा तसं वाकून, त्या रकान्यावर बोट ठेवलं.

"दादा," तो म्हणाला, "महिना अक्षरात लिही."

सावकाशने पेन खाली ठेवलं. "राहू दे रे."

"नाही. चार वर्षं झोप नाही मला. लिही." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, ती नवी यादी कराल तेव्हा बासष्टवर मला घाला."

बाहेर कुणी तरी ट्रॉली ढकलत गेलं. मी पेन उचलून सावकाशच्या हातात दिलं.

"पेन तुझं," मी म्हणाले.

"पेन माझं," तो म्हणाला, आणि त्याने आधीची तारीख खोडून शेजारी लिहायला सुरुवात केली. नऊ लिहिला. मग एकेक अक्षर, शाळेतल्यासारखं, कानामात्रा सांभाळत. घड्याळात पाचला दोन कमी होते. शिक्का माझ्या हातात होता, शाई वाळत होती, आणि तो एप्रिलच्या 'प्रि'वर वेलांटी काढत होता.

आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला म्हणाले, "जरा भरभर."